काजळीचं पाणी

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत कडक नऊ दिवस, लागायला दोन दिवस होते, तेव्हा जमनीनं घरामागच्या कडुनिंबाखाली खड्डा खणायला घेतला. वरची माती इतकी भाजलेली, की मुठीत धरली तर राखेसारखी बोटांतून निसटे. हातभर खाली गेल्यावर ती काळी झाली, जड झाली, आणि तिला ओला वास आला. जमनीनं हाताची पाठ त्या मातीला लावून पाहिली, लेकराचा ताप पाहतात तशी. मग हाक मारली, "ये काजळे. तुहं माहेर खनलं."

काजळी आली. खड्ड्याच्या काठावर उभी राहून तिनं खाली हुंगलं, दोनदा गोल फिरली आणि आधी पोट टेकवून मग पाय मिटले. पोट जड होतं. आत पिल्लं होती.

काजळी ही बेलतांड्यातली शेवटची तांड्याची कुत्री. तशी कुत्री खूप होती, पण ती गावच्या कुत्र्यांत मिसळलेली, पिवळी, आखूड पायांची. काजळी उंच, पायांनी हरणीसारखी, कमरेला बारीक आणि रंगानं नावासारखी. तिच्या आईची आई, आणि तिचीही आई, बैलांसोबत चालल्या होत्या. तेव्हा तांडा म्हणजे ही चाळीस उंबऱ्यांची वस्ती नव्हती. पाठीवर गोणी लादलेले शेकडो बैल, त्यांच्यामागं बायका, लेकरं, कुत्री आणि पुढं वाट, एवढाच तांडा. समुद्राकडून मीठ आणायचं, इकडून धान्य न्यायचं. भर उन्हाळ्यात बैल चालत, आणि कुत्री बैलांच्या सावलीत चालत. जमनीचा सासरा सांगायचा, "आमच्या कुत्र्यायले ऊन मालूमच नव्हतं. सावलीच चालत जाय त्यायच्यासंग. आता बैल औताले गेले अन् सावली बसून गेली."

जमनीची सासू जात्यावर बसली की गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या बोलीत, एक ओवी म्हणायची. मराठीत आणली तर ती अशी होईल:

पुढं चाले बैल, त्याची सावली लांब ग,
सावलीत कुत्री माझी, जरा घडी थांब ग.

सासरा गेला, सासू गेली. चार वर्षांपूर्वी जमनीचा नवरा रामधनही गेला. लेक बाभुळगावाकडं दिलेली. घरात उरली जमनी, काजळी आणि खुंटीवरची गोण.

ती गोण सासऱ्याची. बैलाच्या दोन्ही अंगांना लोंबेल अशी, अंबाडी आणि लोकर एकत्र विणलेली, काठाला कवड्या शिवलेली. शेवटचं मीठ तिनं वाहिलं तेव्हा सासऱ्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. दिवाळीला तिच्यापुढं दिवा लागे. तिला झटकायचं, ऊन दाखवायचं, पण धुवायचं नाही, असा घराचा नेम होता. वाटेची धूळ आपल्या हातानं घालवायची नाही, असं सासू म्हणायची. आणि त्या गोणीचं एक नवल होतं. श्रावणात ती आपोआप ओली व्हायची. छपरातून थेंब गळत नसला तरी तिला घाम फुटायचा. मग बायका लेकरांना पूर्वजांचा घाम म्हणून ती ओल दाखवत, "पाहा, पुरखे कुठंतरी चालून राह्यले."

जमनीनं खड्ड्यावर चार मेढी रोवल्या, वर पळसाच्या डहाळ्या टाकल्या. पण तिसऱ्या प्रहरी ऊन मावळतीकडून तिरपं आत शिरायचं आणि खड्ड्याच्या तळापर्यंत पोचायचं. त्या बाजूला काहीतरी जाड हवं होतं. ती घरात गेली, खुंटीपुढं थोडी थांबली आणि तिनं गोण काढली.

शेजारची चंदाबाई कुंपणापलीकडून पाहत होती. "जमनी, पुरख्यायची गोन कुत्रीवर टांगली?"

"पुरख्यायच्याच कुत्रीवर टांगली," जमनी म्हणाली. "त्यायले बी आवडंन."

"मंग एखादी तुह्यावर बी टांगत जाय. तू बी तापतच असते."

त्या साली तांड्याच्या विहिरीत चिखलच उरला होता. जमनीचा धाकटा दीर धावजी तांड्याचा नायक. त्यानं पाळी लावून दिली होती: पहाटे घरटी एक घागर, बैल असतील त्याला दोन. जमनीकडं बैल नव्हते, आणि कुत्री पाळीत कोणी मोजत नव्हतं. घागरीतलं अर्धं पाणी ती घरात ठेवी, अर्धं गोणीवर ओती. ओल्या गोणीतून आलेला वारा गार होऊन खड्ड्यात उतरे, आणि गोणीतून निथळलेलं पाणी खाली ठेवलेल्या दगडी कुंडीत पडे. तेच काजळीचं प्यायचं पाणी. एका पाण्यात दोन कामं. कुणी शाबासकी दिली नाही, पण जमनी स्वतःवर खूष होती.

पहिल्या दिवशी काजळीनं कुंडी चाटूनपुसून साफ केली. दुसऱ्या दिवशीही. जमनीला वाटलं, उन्हाची तहान आहे. तिसऱ्या दिवशी काजळी उलटी करू लागली. जीभ बाहेर, छाती भात्यासारखी, तोंडाला फेस. जमनीनं गोण आणखी भिजवली. चौथ्या दिवशी काजळीनं कुंडी हुंगली आणि मान फिरवली.

"पी ग," जमनी म्हणाली. काजळी प्याली नाही. मग जमनीनं घरातलं, स्वतःच्या वाट्याचं पाणी आणून त्याच कुंडीत ओतलं. काजळी उठली, मागं सरली, मातीला पाठ लावून उभी राहिली. तिचे पाय थरथरत होते.

तेव्हा जमनीला ती बातमी आठवली. दोन महिन्यांपूर्वी दारव्ह्याच्या वाटेवरच्या एका वस्तीत पिसाळलेला कोल्हा शिरला होता. तो एका गोऱ्ह्याला चावला, आणि तो गोऱ्हा महिन्याभरानं पाण्याची बादली पाहून हंबरत हंबरत मेला. तेव्हापासून सगळा तांडा आपापल्या कुत्र्यांकडं डोळे बारीक करून पाहत होता.

पाचव्या दिवशी दुपारी धावजी आला. मागं तांड्यातला शंकरसिंग, खांद्यावर बार भरलेली बंदूक घेऊन. त्यांच्या मागं आठ-दहा माणसं, आणि कुंपणापलीकडं चंदाबाई.

"भोजाई," धावजी म्हणाला. थोरल्या भावाची बायको म्हणून तो जमनीला कधी नावानं हाक मारत नसे. "कुत्री पानी पेली का?"

"ऊन लय हाय. पेईन."

"कालपासून पेली नाई म्हनते चंदाबाई. लाळ गळून राह्यली. पाय लडबडून राह्यले. मी तिचा वैरी नाई."

"वैरी नाई तं बंदूक कायले आनली?"

"बंदूक अशीच फिराले आली माह्यासंग," शंकरसिंग म्हणाला.

"तुही बंदूक मागल्या साली सशावर उडाली अन् चंदाबाईचं मडकं फुटलं. सांभाळून फिरव तिले."

दोन-तीन माणसं हसली. धावजी हसला नाही. तो खड्ड्याच्या काठाशी उकिडवा बसला. त्याच्या दारात चार नातवंडं खेळत, आणि त्या गोऱ्ह्याचं हंबरणं ऐकायला तो स्वतः गेला होता, हे जमनीला ठाऊक होतं. म्हणून तिला त्याचा राग येईना, आणि राग येईना म्हणून ती जास्त घाबरली.

धावजीनं काठीनं ती कुंडी हळूच काजळीच्या तोंडाजवळ सरकवली. काजळीनं पाण्याकडं पाहिलं. तिचा ओठ वर गेला, दात दिसले, आणि घशातून असा आवाज आला जो जमनीनं सात वर्षांत ऐकला नव्हता. माणसं दोन पावलं मागं सरली.

"पान्याले भेते," कुणीतरी म्हणालं.

शंकरसिंगानं बंदूक खांद्यावरून उतरवली. जमनी खड्ड्यात उतरली आणि काजळीच्या पुढं उभी राहिली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती उभी राहिली, ओढणी खोचून, कापूस वेचायला उभी राहते तशी.

"भोजाई, बाजूले हो. चावंन तुले."

"सात वर्सं माह्या हातची भाकर खाल्ली. आज मले खाईन तं खाऊ दे. पन मले येळ दे."

"कवापर्यंत?"

"तू सांग. नायक तू हायस."

धावजीनं आभाळाकडं पाहिलं. ऊन डोक्यावरून नुकतंच कललं होतं. "सूर्य बुडेपर्यंत. तवापर्यंत पानी पेली तं कुत्री तुही. नाई पेली तं तांड्याची." मग शंकरसिंगाकडं वळून, "तवापर्यंत कोनी हात लावाचा नाई. कुंपनाले काट्याची झाप लावा, लेकरं इकडं येऊ देऊ नोका."

माणसं गेली. झाप लागली. काट्यांमधून ऊन ठिबकत राहिलं.

जमनी खड्ड्यात बसली. खालची माती अजून गार होती. काजळीनं डोकं तिच्या मांडीवर टाकलं. पिसाळलेलं जनावर असं डोकं टाकत नाही, हे जमनीला कळत होतं, पण हे बुडत्या सूर्यापुढं कोण ऐकणार. काजळीची जीभ सुकून वहाणेच्या कातड्यासारखी झाली होती. जमनीनं कुंडीत बोट बुडवलं आणि ओलं बोट त्या जिभेवर फिरवलं. काजळीनं तोंड हिसकलं.

"काहून ग? मी बी वैरीन झाली का आता?"

तिचे स्वतःचे ओठही फुटले होते. तिनं तेच बोट सवयीनं आपल्या ओठावरून फिरवलं. ओठ असा चरचरला, की ती दचकली. तिनं बोट चाटलं.

खारट.

तिनं कुंडीतलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात धरलं. खारट, कडूपर्यंत खारट. तिनं थुंकलं. कुंडीच्या काठाकडं आता तिनं नीट पाहिलं. पाणी आटून जिथवर खाली गेलं होतं तिथवर, एकाखाली एक, चार पांढऱ्या रेघा होत्या. तिला वाटलं होतं, दगडाचा चुना सुटला असेल.

ती उठली, टांगलेल्या गोणीचं टोक दातांत धरून तिनं चोखलं. आणि तिला श्रावणातला तो घाम आठवला, लेकरांना दाखवलेले पुरखे आठवले. पुरखे चालत नव्हते. मीठ होतं. साठ वर्षं कुणी न धुतलेल्या त्या विणीत समुद्राचं मीठ घट्ट बसून होतं, दर पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेत होतं, आणि जमनीनं ते रोज अर्ध्या घागरीनं धुवून काजळीला पाजलं होतं. जी तहानेनं जळत होती तिला मीठ. ज्या हातानं खड्डा खणला त्याच हातानं.

तिला रडू आलं. तेही खारटच, म्हणून तिनं ते गिळलं.

धावजीला जाऊन सांगावं का? काय सांगणार, त्याच्या बापूच्या गोणीनं विष दिलं म्हणून? आणि सांगितलं तरी काजळीला पाणी तर लागणारच होतं. सांगण्यानं जीभ ओली होत नाही. गोडं पाणी पाहिजे, आणि ते सूर्य बुडायच्या आत पाहिजे. तिनं गोण उतरवली, तिच्या जागी आपली जुनी गोधडी टांगली आणि काजळीला म्हणाली, "माह्यावर भरवसा नाई ठेवला तरी चालंन. जीव ठेव फक्त."

घरातली घागर पालथी होती. ती चंदाबाईकडं गेली.

चंदाबाईनं झाकणी उघडून घागर दाखवली. तळाशी तांब्याभर पाणी. "हे पाह्य. संध्याकाळी पोरीचं पोर पेईन हे. तुह्या कुत्रीवर माहा राग नाई जमनी. पन पिसाळलेलीले पाजू अन् पोराले सांगू का तू थुका गिळ?"

"नाई," जमनी म्हणाली. "पोरालेच दे."

तांड्याच्या विहिरीवर उद्या पहाटेपर्यंत दोर चालणार नव्हता. उरली एक जागा. नाल्यापलीकडं, दीड कोसावर, कांताबाईची वस्ती.

कांताबाई आणि जमनी दोघी एकाच शेतात कापूस वेचत, वर्षानुवर्षं. शेजारच्या ओळीत चालायच्या, गोष्टी करायच्या, भाकर मात्र वेगवेगळ्या झाडाखाली सोडायच्या. दोन पावसाळ्यांआधी कांताबाईच्या लोकांनी बुद्धाचा धम्म घेतला. त्याआधी गावच्या विहिरीवर कुणी वरून पाणी वाढेल म्हणून त्या बायका तासन्‌तास उभ्या राहायच्या. जमनीनं ते पाहिलेलं होतं, आणि आपली घागर भरून निघूनही गेलेली होती. मागच्या साली वस्तीनं स्वतः कुदळी मारून आपली विहीर खणली.

जमनीनं घागर डोक्यावर घेतली आणि निघाली. नाल्याची वाळू वहाणेच्या भोकातून तळव्याला डसत होती. ओढणीला जडवलेल्या आरशांत इतकं ऊन भरलं, की खाली पाहावं तर डोळे दिपत. वाटेत एकही झाड नव्हतं. तिची सावली तिच्या पायाशी आखूड होऊन चालत होती, आणि तिला राहून राहून वाटत होतं, की त्या तुकड्याएवढ्या सावलीत आत्ता काजळीला घेता आलं असतं. ती थांबली नाही. पाय भाजले की ती ओवीचा एक चरण म्हणायची आणि पुढचं पाऊल टाकायची.

कांताबाई ओसरीत सरकी निवडत बसली होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली मातीचा माठ. जमनीचा चेहरा पाहून ती आधी उठली आणि गुळाचा खडा आणि तांब्या घेऊन आली. "भर दुपायची कुठी निंगाली? पी आधी."

जमनीनं तांब्या हातात घेतला आणि एका दमात सगळं सांगितलं, गोण, कुंडी, बंदूक, सूर्य. मगच प्याली.

कांताबाईनं ऐकताना सरकीचं सूप बाजूला सारलं होतं. "माह्या मालकाच्या कुत्र्याले असंच ऊन लागलं व्हतं तवा," ती म्हणाली. "धावून बादली ओतली पाठीवर. वर वर गार झालं, अंदर आगच रायली. पाठ नोको भिजवू. पोट भिजव, अन् पायाच्या गाद्या. अन् एकदम पाजू नोको, ओकंन. हातावर घेऊन चाटव."

"घागर भरून दे बाई. लवकर."

"भरून नाई देत," कांताबाई म्हणाली. जमनी पाहत राहिली. कांताबाई हसली. "आमच्या विहिरीवर कोनी कोनाले पानी वाढत नाई. ज्याचं त्यानं ओढाचं. चाल, दोर दावतो."

विहीर खोल होती. दोर जमनीच्या तळव्यांत नवा, खरखरीत. पोहरा वर आला तेव्हा त्यात आभाळाचा निळा तुकडा होता. जमनीनं आधी बोट बुडवून चाटलं. कांताबाईला त्याचं कारण कळलं असावं.

घागर भरली. कांताबाईनं आपलीही एक भरली. "मी येतो."

"तुले कोनी काई म्हनलं तं? आमच्या तांड्यात..."

"तं?"

"तं मी हाय," जमनी म्हणाली.

दोघी निघाल्या तेव्हा सूर्य चार हात वर होता. भरल्या घागरीनं धावता येत नाही. पाऊल लहान, मान ताठ. नाल्याच्या चढावर कांताबाईचा पाय घसरला आणि तिची घागर फुटली. वाळूनं पाणी आवाजही न करता पिऊन टाकलं. "जाऊ दे," कांताबाई म्हणाली, "तुही पोचली पाह्यजे." आणि ती जमनीच्या मावळतीच्या अंगाला येऊन चालू लागली, म्हणजे तिची सावली जमनीच्या अंगावर पडेल.

तांड्यात पोचल्या तेव्हा सूर्य दोन हात उरला होता. झाप उघडलेली होती. सगळे जमलेले. शंकरसिंगाची बंदूक आता खांद्यावर नव्हती, हातात होती. काजळी खड्ड्यात आडवी पडलेली. पण कुशी हलत होती, जमनीनं आधी तेच पाहिलं.

"कुठी गेलती?" धावजीनं विचारलं.

"पानी आनाले."

शंकरसिंगानं कांताबाईकडं पाहिलं. "कोन्या विहिरीचं पानी हाय हे?"

"गोड्या विहिरीचं," जमनी म्हणाली आणि खड्ड्यात उतरली.

जमनीच्या हाताला घाई झाली होती, आणि त्या घाईत हातानं रोजचंच केलं: कुंडी कलंडून आतलं पाणी सांडलं आणि तिच्यात नवं ओतलं. काजळीनं आवाज ऐकला. डोळे उघडले. कुंडी पाहिली. आणि उरल्यासुरल्या जिवानं मागं सरली, दात दाखवून.

"झालं," शंकरसिंग म्हणाला. धावजीनं त्याचा दंड धरला, पण सैल धरला. सूर्याची कड बाभळींच्या शेंड्यांना टेकली होती.

"जमनीबाई," काठावरून कांताबाईचा आवाज आला, शांत, शेतात दोन ओळींमधून यायचा तसा. "ते दगडाचं भांडं काहून? त्याच्यावर तिचा भरवसा नाई. हात हाय न तुले."

जमनीनं कुंडी उचलली आणि बाहेर भिरकावली. मग घागर कुशीत घेऊन ती काजळीजवळ बसली. तोंडाकडं गेलीच नाही. आधी पुढच्या पंजाच्या गाद्या ओल्या केल्या, मग मागच्या. मग ओला हात पोटावरून फिरवला, जिथं कातडीखाली एक पिल्लू हळूच सरकलं. वर सगळे उभे होते आणि उजेड तांबडा होत होता, आणि जमनी अशी सावकाश हात फिरवत होती, की जणू तिच्याकडं आख्खा उन्हाळा पडला आहे. तिच्या घशातून ती ओवी निघाली, शब्द असे नाहीत, नुसती चाल.

काजळीचा श्वास एक ठोका खाली आला. जमनीनं तळहातावर घोटभर पाणी घेतलं आणि हात जमिनीवर तसाच ठेवला. म्हणाली नाही, की पी.

काजळीनं नाक पुढं केलं. हुंगलं. नाक मागं घेतलं. मग काजळीनं जिभेचं टोक पाण्याला लावलं, थांबली, जमनीच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तळहात चाटून कोरडा केला.

जमनीनं दुसरा घोट घेतला. तोही गेला. तिसऱ्याला काजळी अर्धी उठून बसली आणि घागरीकडं मान लांबवू लागली. "नाई," जमनी म्हणाली, "हळू. घोट घोट."

शंकरसिंगानं बंदुकीचा घोडा हलकेच खाली सोडला.

धावजीनं काठी खाली ठेवली. मग म्हणाला, "पानी तं पेली. मंग त्या कुंडीत काय व्हतं?"

"चाटून पाह्य."

कुंडी कुंपणाशी पालथी पडली होती. धावजीनं ती उलटी केली, काठावरच्या पांढऱ्या रेघेवर अंगठा घासला आणि जिभेला लावला. त्याचा चेहरा बदलला. तो खाली बसला. समोर गोधडीच्या बाजूला गोण पडली होती. त्यानं तिच्या कवड्यांवर हात ठेवला.

"बापूचं मीठ," तो म्हणाला.

"हाव."

"अन् आपन लेकरायले सांगत जाय, पुरखे चालून राह्यले."

"मीच पाजलं तिले," जमनी म्हणाली. "गोनीचा दोस नाई. धुतली असती तं..."

"धुवाची नाई असा नेम व्हता, भोजाई."

"नेम मालूम हाय मले. उद्या धुनार हाय मी." ती विचारत नव्हती.

सूर्य आता अगदी खाली आला होता, आणि शेवटचं ऊन पळसाच्या डहाळ्यांखालून, गोधडीच्या फटीतून थेट काजळीच्या डोळ्यांवर पडत होतं. धावजी उठला. जमनीला वाटलं, तो चालला. पण तो दोन पावलं सरकला आणि मावळतीला पाठ करून उभा राहिला. त्याची लांब सावली खड्ड्यात उतरली आणि काजळीवर पसरली. सूर्य बुडेपर्यंत तो तिथून हलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोण धावजीनंच खांद्यावर घेतली. कांताबाईच्या वस्तीवर जाऊन त्यानं विचारलं, विहिरीपासून किती दूर धुवावी. कांताबाईनं जागा दाखवली. पाणी जमनीनं ओढलं, धावजीनं तुडवलं, दोघींनी मिळून पिळलं. पहिलं पाणी गढूळ आलं, साठ वर्षांची धूळ, मीठ, कुठल्या कुठल्या घाटांची माती. जमनी ते नाल्यात सांडणार, तोच धावजीनं हात धरला. ते पाणी त्यानं दोन घागरींत भरून तांड्यात आणलं आणि गोठ्यातल्या चपट्या दगडावर ओतलं. दुपारपर्यंत दगड सुकला, वर पांढरी साय धरली, आणि त्याचे बैल दाव्याला ताण देऊन, मान लांबवून ती चाटत राहिले.

तिसरं पाणी धावजीनं बोटावर घेऊन चाखलं होतं. मग त्यानं बोट नाही, सरळ ओंजळच जमनीपुढं धरली. जमनीनं चाखलं. मग म्हणाली, "आता चालंन."

पिळून झटकल्यावर गोण इतकी हलकी झाली होती, की परतताना ती जमनीनं एकटीनं खांद्यावर टाकून आणली.